फटी मी बुजवल्या होत्या

ते ज्या खोलीत गेले, तिच्या फटी मी माझ्या हाताने बुजवल्या होत्या. खिडकीच्या, पंख्याच्या भोकाच्या, एसीच्या पाइपाभोवतीच्या, आणि शेवटी दाराखालची. लोक म्हणाले, त्यांनी खोली बंद करून घेतली आणि जीव दिला. त्यांच्या घरचेही तेच धरून बसले. तसं नव्हतं. कसं होतं ते मला एकटीला माहीत होतं, आणि आठ महिने मी ते कोणालाच सांगितलं नाही.

सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. सुरतेत, गोडादऱ्यात, त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे शटरचं दुकान, मागे एक खोली. आजूबाजूला साड्यांवर भरतकाम करणारी एम्ब्रॉयडरीची खाती. खातं म्हणजे इथे कारखाना. प्रत्येक खात्यात डिझाइनसाठी दोन-तीन कॉम्प्युटर असतात. त्यांत कपड्याची रुई जाते, मशीनचं तेल उडतं, आणि आत काळा घोंगडीसारखा थर बसतो. तो काढायला भाऊंना माणूस हवा होता. मी तेव्हा घरी बसून साड्यांचे धागे कापायची. आमचे हे बमरोलीला लूमवर होते. गल्लीतल्या एकीने मला तिकडे नेलं. भाऊंनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं. मग माझे हात बघितले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "बोटं बारीक शेतस. धागा कापस ना? मंग बठ."

एवढ्यावर मी कामाला लागले. रंगाचा मऊ ब्रश, एक फुंकणी आणि स्पिरिटची बाटली. कॉम्प्युटरच्या आतला बोर्ड म्हणजे हिरव्या नाहीतर काळ्या पाटीवर वसवलेलं गाव असतं. त्यात कुठे बोट लावायचं आणि कुठे नाही ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. पुन्हा सांगावं लागलं नाही. ते कोणाला तोंडावर चांगलं म्हणत नसत. पण गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, हिने साफ केलेला बोर्ड दोन वर्षं परत येत नाही. मी मान खाली घालून ब्रश फिरवत राहायची.

आधी ते हिऱ्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे. तिथे कच्च्या हिऱ्याचा फोटो घेऊन तो कुठून कापायचा ते मशीन ठरवतं. मशीन जेवढं जोरात तेवढं काम लवकर. भाऊंनी एक मशीन न विचारता जोरात चालवलं. चांगलं चाललं. तरी शेठने काढून टाकलं, कारण विचारलं नव्हतं. ही गोष्ट ते हसत सांगायचे. त्यांची बायको, आमच्या वहिनी, सांगायच्या तेव्हा हसत नसत.

जोरात चालवणं हे त्यांचं वेड होतं. ते मला त्यांनी बैलावरून समजावलं होतं. कंपनी चिप बनवते. एका घाण्यात शंभर चिपा निघतात. त्यातला सगळ्यात मरतुकडा बैल जेवढं ओढेल, तेवढाच आकडा कंपनी सगळ्यांच्या पाठीवर लिहिते. पण शंभरात एखादा खिल्लारी असतो. त्याच्याही पाठीवर मरतुकड्याचाच आकडा. "त्याला कोणी विचारलंच नाही, तू किती ओढशील," असं ते म्हणायचे, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज असा व्हायचा, जणू घरातल्याच कोणावर अन्याय झाला आहे.

म्हणून ते चिप विचारून बघायचे. जास्त वेग, जास्त वीज. तेवढ्याने ती तापते. तापू नये म्हणून तिला गार ठेवायचं, फ्रिजपेक्षा, बर्फापेक्षा गार. त्यासाठी नायट्रोजनचं पाणी लागतं. ते धुरासारखं उकळत असतं आणि बोटाला लागलं तर बोट जातं. सुरतेत ते कुठे मिळतं ते भाऊंनी शोधलं होतं. गाई-म्हशी भरवणारा एक डेअरीचा माणूस होता. तो बैलाचं बीज त्याच पाण्यात ठेवतो. त्याच्याकडून शनिवारी भाऊ स्कूटरवर ॲल्युमिनियमचा हंडा बांधून आणायचे. शेजारी लेस आणि फॉलचं दुकान होतं. तो दुकानदार प्रत्येक शनिवारी गुजरातीत विचारायचा, भाई, म्हैस कुठे बांधली? भाऊ न थांबता म्हणायचे, आत आहे, माजावर आली की बोलावतो.

सोमवार ते शनिवार मात्र हा माणूस निराळा. गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरला त्यांनी कधी कंपनीच्या आकड्यापुढे जाऊ दिलं नाही. उलट दोन पावलं मागेच ठेवायचे. एक खातेवाला मागेच लागला, भाऊ, तुम्ही म्हणे मशीन पळवता, माझं पण पळवा. भाऊ म्हणाले, शेठ, तुमच्या खात्यात मशीन नाही पळत, कारीगर पळतो. त्याला थोडा बसू द्या. नंतर मला म्हणाले, दुसऱ्याच्या मशीनमध्ये दुसऱ्याची भाकरी असते, तिच्याशी खेळायचं नाही. खेळायचं ते आपल्या.

कपड्यांचं त्यांना भान नव्हतं. मे महिन्यात सुरत उकडत असते तेव्हा ते लोकरीची टोपी आणि हातमोजे घालून मागच्या खोलीत बसायचे. भुवयांवर घाम, बोटांवर हिव. वहिनी जेवणाचा डबा पाठवायच्या. तो डबा ते चारला उघडायचे आणि त्यातली भाजी थंड झाली म्हणून कुरकुरायचे. वहिनींना हे कळलं तेव्हा त्या दुकानात आल्या आणि माझ्यासमोर म्हणाल्या, दिवसभर थंड करता आणि भाजी तेवढी गरम पाहिजे? भाऊंनी मान डोलावली, जसं काही फार बरोबर प्रश्न विचारला होता.

मग तो काळा बोर्ड आला. त्यासाठी ते दोन महिने थांबले होते. आला त्या दिवशी त्यांनी शटर अर्धं ओढलं, हात धुतले आणि खोका उघडला. घरी दाखवण्याआधी मला दाखवला. म्हणाले, हा साध्या लोकांसाठी नाही, आमच्यासारख्यांसाठी केलेला आहे. मग एकेक जागा ब्रशच्या टोकाने दाखवली. साध्या बोर्डाला चालू करायचं बटण नसतं, ते बाहेर डब्याला असतं. ह्याला बोर्डावरच बटण, कारण आमच्यासारखे डबा लावतच नाहीत. हे दुसरं बटण, पुन्हा प्रयत्न कर म्हणायचं. ही बारीक भोकं, कुठे किती वीज जाते ते काटा टोचून बघायला. हा छोटा खटका, ओढला की चिप एकदम हळू चालते, म्हणजे पडायला लागली तर सावरता येते. हा दुसरा, खूप गार करायचं असेल तेव्हाचा. आणि बोर्डाची अक्कल ज्यात असते ती चीज दोनदा बसवलेली. एक बिघडली तर दुसरी.

"ज्याने हा बनवला ना," ते म्हणाले, "त्याला माहीत होतं की माणूस चुकणार. चूक धरूनच बनवलाय. देवाने एवढा विचार नाही केला."

बोर्डाच्या कोपऱ्यात दोन आकड्यांची लाल पाटी होती. बटण दाबलं की तिच्यावर आकडे पळत. गाडी जशी स्टेशनं घेत जाते तसे. जिथे अडलं तिथे आकडा थांबतो. पंचावन्नला थांबला तर रॅम. डी सहाला थांबला तर स्क्रीनचं कार्ड. दोन ए आले की सगळं ठीक. दोन शून्यं म्हणजे चिप बोलतच नाही. मी इंग्रजी आकडे आणि अक्षरं ओळखत होते, पण त्यांचं काही वाचता येत नव्हतं. ही पाटी मला वाचता आली. मी एका वहीत सगळे लिहून ठेवले, समोर मराठीत अर्थ. काही महिन्यांनी भाऊ चिपेकडे बघत असत आणि मी पाटीकडे बघून सांगायची, पंचावन्न. ते रॅम काढून पुन्हा बसवत. मला वाटायचं, मी कोणाच्या तरी कामाची आहे. असं मला त्याआधी घरात वाटलं नव्हतं, शाळेत तर नाहीच.

एरवी माझं बोलणं हे असंच, आकड्यापुरतं. मी लहानपणापासून अशी. चार माणसं असली की मला बोलता येत नाही. भाऊ म्हणायचे, तू डिफॉल्टवर चालतेस. तुला कोणी विचारलंच नाही, तू किती बोलशील. मी हसायची.

रविवारी दुकान बंद. तेव्हा मागच्या खोलीत त्यांचा खेळ चालायचा. माझं काम म्हणजे बोर्डाला व्हॅसलिन लावणं. हो, तोंडाला लावतात तेच. एवढ्या गारव्यात हवेतलं पाणी बोर्डावर जमतं, हिव धरतं, मग ते वितळतं आणि बोर्ड जातो. म्हणून चिपेच्या आसपास मऊ खोडरबर दाबायचं आणि बाकी सगळीकडे व्हॅसलिनचा थर. थंडीत लेकराच्या गालाला चोळतात तसं मी ते बारीक बोटांनी चोळायची. मोठे डबे आणायला मीच जायची. दुकानवाली म्हणायची, घरात किती जण उलले आहेत गं?

मग भाऊ चिपेवर तांब्याचं भांडं घट्ट बसवायचे, त्यात हंड्यातून ते पाणी ओतायचे. वाफ भांड्याच्या काठावरून उतरून जमिनीवर पसरायची. वेग वाढवत न्यायचा, आकडा स्क्रीनवर धरायचा, फोटो काढायचा आणि नेटवर पाठवायचा. जगभरात असे वेडे आहेत. त्यांची यादी असते, कोण कितवा. भाऊंचं नाव त्या यादीत होतं. आमच्या गल्लीत कोणाला हे माहीत नव्हतं.

हिवाळ्यात हे सोपं असतं, हवा कोरडी असते. खिडकी उघडी ठेवून ते बसायचे. डेअरीच्या माणसाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भाई, बारी खुल्ली राखजो, खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत हे वापरू नका. तेव्हा मी तिथेच होते. भाऊ म्हणाले, माहीत आहे. त्यांना खरंच माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ते अडाणी नव्हते.

पण श्रावण-भादव्यात सुरतेची हवा म्हणजे ओला टॉवेल. समुद्र जवळ, तापी जवळ. एका वर्षी ह्याच दिवसांत त्यांचा एक चांगला बोर्ड व्हॅसलिन लावूनही पाणी पिऊन गेला. ते तीन दिवस जेवले नाहीत. आणि ज्या वर्षी हे घडलं, त्या वर्षी त्या वेड्या लोकांची स्पर्धा नेमकी भादव्यात आली. काळा बोर्ड त्यासाठीच आणला होता. त्यांच्याकडे आता एक खिल्लारी चिपही होती. बारा चिपा तपासून एक निवडलेली.

त्यांनी तोड काढली. बाहेरची हवाच आत येऊ द्यायची नाही. खोली बंद करायची, एसी लावायचा, एसी आतली ओल ओढून घेतो. फटी बुजवायच्या. "ओल आली नाही पाहिजे," एवढंच ते घोकत होते. ओल बाहेर ठेवताना आणखी काय बाहेर राहतं, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. का आलं, आणि वाटलं की कंपनीने लिहिलेल्या आकड्यासारखंच ह्यातही थोडं पुढे जाता येतं. मला माहीत नाही.

आधीच्या रविवारी आम्ही करून बघितलं. मी जुन्या कपड्यांच्या चिंध्या केल्या आणि लोण्याच्या सुरीने फटीत कोंबल्या. धागा कापणारीचा हात, एक फट राहू दिली नाही. त्या दिवशी मी आतच होते, पाटी वाचायला. तासाभराने मला ओठ बधिर वाटले. आकडे दोन-दोन दिसायला लागले. मी भिंतीला धरून खाली बसले. भाऊ उगीचच हसत होते, एकाच गोष्टीवर पुन्हा पुन्हा, आणि त्यांनी ओतताना पाणी बाहेर सांडलं. असं त्यांच्या हातून कधी होत नसे. मग हंडा संपला आणि आम्ही दार उघडलं. बाहेर आल्यावर मला दोन मिनिटांत बरं वाटलं. त्या दिवशी माझा उपास होता. मी म्हटलं, उपासाने झालं. भाऊंनी विचारलं, काय झालं गं, पांढरी पडलीस? मी म्हटलं, काही नाही.

मला सांगायची लाज वाटली. चक्कर येते म्हटलं तर ते म्हणतील, उद्यापासून आत बसू नको. मग पाटी कोण वाचणार? माझी जागा जाईल असं वाटलं. एवढंच कारण होतं. ह्याहून मोठं कारण शोधून मला सापडत नाही.

त्या शेवटच्या रविवारी सकाळी वहिनींच्या भावाकडे साखरपुडा होता. भाऊंचं घर दुकानापासून दोन गल्ल्यांवर. भाऊ म्हणाले, स्पर्धा आज संपते, मी येणार नाही. वहिनी आधी घरात बोलल्या, मग दारात आल्या, मग रस्त्यावर. भाऊ पुढे चालत होते आणि त्या मागून म्हणाल्या, मग त्या डब्यासोबतच राहा, त्यातच मरा, घरी येऊ नका. सगळ्या गल्लीने ऐकलं. मी तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसले होते, मला ते नंतर कळलं. भाऊ आले, शटर उघडलं आणि मला म्हणाले, चल, व्हॅसलिन काढ. चेहऱ्यावर रागही नव्हता. त्या दिवशी हंडे दोन होते.

बोर्ड तयार झाला. मी फटी बुजवल्या. खिडकी, पंख्याचं भोक, पाइप, सगळ्या आतून. मग भाऊ म्हणाले, आज तू बाहेर बस. दार सारखं उघडलं की ओल येते. मी हाक मारेन तेव्हाच ये. दाराला कडी नव्हती, नुसतं ढकलायचं दार होतं, त्याची खालची फट मोठी. ती मी बाहेरून बुजवली, माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने. मग पुढच्या दुकानात बसून बोर्ड साफ करत राहिले.

त्यांनी हाक मारली नाही. आतून आधी ओतल्याचा आवाज यायचा, मग आला नाही. मला वाटलं, फोटो पाठवत असतील. मी दोन बोर्ड पुसले, तिसरा घेतला. दुपारचे चार झाले तेव्हा मी दाराशी गेले आणि भाऊ म्हटलं. माझा आवाज मुळातच लहान. पुन्हा म्हटलं. मग चिंधी ओढली आणि दार ढकललं.

पांढरी वाफ माझ्या पायांवरून बाहेर आली. भाऊ स्टुलावरून एका बाजूला घसरून भिंतीला टेकले होते. टोपी डोक्यावर तशीच. स्क्रीन काळी होती. लाल पाटीवर दोन शून्यं होती. मी दोन पावलं आत गेले आणि माझे ओठ बधिर झाले. तीच चक्कर. त्या क्षणी मला सगळं कळलं. उपास नव्हता तो. हंड्यातल्या वाफेने खोलीतली श्वासाची हवा खाल्ली होती.

मी बाहेर पळाले. ओरडायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. शेजारच्या लेसच्या दुकानात गेले. दुकानदार एका बाईला लेस दाखवत होता. ती हा रंग नको, तो दाखवा म्हणत होती. मी दाराशी उभी राहिले. त्यांचं बोलणं संपेपर्यंत उभी राहिले. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, काय झालं बेन? मी मागे बोट दाखवलं.

त्याने चार माणसं बोलावली, भाऊंना बाहेर आणलं, रिक्षात घातलं. दवाखान्यात सांगितलं, बराच वेळ झाला आहे. बराच म्हणजे किती, ते कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पोलीस आले. खिडकीत चिंध्या, पंख्याच्या भोकात चिंध्या, पाइपाभोवती चिंध्या, सगळ्या आतून. दाराखालची माझ्या हातात होती. ती मी कधी पदराखाली धरली ते मला आठवत नाही. त्यांनी गल्लीत विचारलं, घरी काही भांडण? गल्लीने सकाळचं सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. एक पोलीस माझ्याकडे वळला आणि म्हणाला, तू काय करतेस इथे? मी म्हटलं, झाडू मारते. तो पुढे गेला. कागदावर त्यांनी काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. पण गल्लीत जे लिहिलं गेलं ते पक्कं होतं: बायकोच्या तोंडामुळे माणूस गेला.

वहिनी तेराव्यापर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत. मी रोज जायची, कोपऱ्यात बसायची, भांडी घासायची आणि परत यायची. बायका त्यांना ऐकू जाईल अशा बोलत होत्या. भाऊंचे मोठे भाऊ, आबा, गावाहून आले होते. शिरपूरकडचे. पंचायतीत बसणारा माणूस, ताठ. ते वहिनींशी थेट बोलत नसत. भिंतीकडे बघून बोलत. रोज मी ठरवायची, आज सांगते. रोज खोलीत सात-आठ जण असत. मग गर्दी कमी झाली, तेव्हा वाटलं, आता इतक्या दिवसांनी सांगितलं तर म्हणतील, तेव्हा का नाही बोललीस. जितका उशीर तितकं ते जड होत गेलं. मी पुन्हा घरी बसून धागे कापायला लागले.

चैत्र उलटला आणि आखाजी जवळ आली. आखाजी म्हणजे आमच्याकडे पितरांचा दिवस. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, आणि वर्षभरात जे गेलं त्याची पहिल्यांदा. लाल मातीची नवी घागर, वर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. ती भरली की गेलेला माणूस पितरांच्या ओळीत बसतो. नाही भरली तर तो कुठेच नाही. गल्लीतली एक बाई मला म्हणाली, अगं, भाऊंची घागर नाही भरणार. आबा म्हणतात, जो आपल्या हाताने गेला त्याची घागर आमच्या घरात भरत नाहीत. वहिनींनी घागर आणून ठेवली आहे, पण रिकामीच राहणार.

आखाजीच्या सकाळी मी वहिनींकडे गेले. आमच्या ह्यांना सांगितलं नाही. घरात गावाकडची दहा-बारा माणसं होती. भिंतीशी पाटावर आबा-भाऊंच्या वडिलांची घागर भरलेली. तिच्या बाजूला दुसरी, कोरडी. वहिनी चुलीपाशी. मी मधोमध जाऊन उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आबांनी विचारलं, "कोण शे हाई?"

"दुकानवर काम करे ती," वहिनी म्हणाल्या. "बठ ना."

मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. मी म्हटलं, चिंध्या मी कोंबल्या. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. मग थांबले नाही. ओल, बोर्ड, एसी, दोन हंडे. दाराखालची फट मी बाहेरून बुजवली होती, हे दोनदा सांगितलं. बाहेरून. मरायला निघालेला माणूस दुसऱ्याला बाहेर बसवून, हाक मारीन तेव्हा ये, असं सांगत नाही. त्यांना फोटो पाठवायचा होता. संध्याकाळी ते घरी येणार होते.

 आबा म्हणाले, आठ महिने कुठे होतीस?

मी म्हटलं, इथेच.

वहिनी चुलीपासून उठल्या आणि माझ्यासमोर आल्या. त्यांनी मला फार हळू विचारलं, "आदल्या रविवारी तू आतच होतीस. तुला काही झालं नव्हतं?"

हे मी सांगितलं नव्हतं, भाऊंनीच घरी सांगितलं असणार. सांगायचं नाही असंच ठरवून आले होते. मी म्हटलं, चक्कर आली होती.

"त्यांना सांगितलं?"

"नाही."

"आणि दार उघडलं, मग?"

मी लेसच्या दुकानाचंही सांगितलं. ती बाई रंग बघत होती ते, आणि मी उभी होते ते. कोणीतरी मागून म्हणालं, अरे देवा. आबा काही बोलणार होते, वहिनींनी त्यांच्याकडे न बघता हात वर केला. ज्यांच्यासमोर त्या आजवर पदर सावरून बसत होत्या, त्यांच्यासमोर त्यांनी हात वर केला. मग खाली बसल्या, कोरडी घागर दोन्ही हातांनी पुढे ओढली आणि पाटावर पहिल्या घागरीला लावून ठेवली.

"आबा, पानी टाका," त्या म्हणाल्या.

 आबांनी तांब्या घेतला.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "तू आते घर जाय."

मी चपला घातल्या. आत पाणी ओततायत ते ऐकू येत होतं. थांब असं कोणी म्हणालं नाही, आणि म्हणावं असं मी काही केलं नव्हतं.